भाद्रपदातल्या शेवया

“मग त्या शेवया वाळल्या का?” बाईजींनी विचारलं.

निरंजन वाचता वाचता थांबला. मांडीवर जुनी दोनशेपानी वही, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्याला वाटलं, म्हातारीचं लक्ष उडालं.

“बाईजी, मी नवऱ्याच्या मरणाची बातमी वाचतोय.”

“ऐकलं की. ती बातमी आली त्या दिवशी बाई शेवया वळत होती, तेही ऐकलं. वाळल्या का, एवढंच विचारते.”

“ते काही वहीत नाही.”

“पुन्हा वाच.”

हे दोन शब्द त्याने वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकले होते. तेव्हा तो या लहानशा महानुभाव आश्रमात पोथ्यांची सांकेतिक लिपी शिकायला आला होता. अक्षर चुकलं तर बाईजी चूक सांगत नसत. म्हणत, पुन्हा वाच. सात-सात वेळा वाचायला लावत. चूक आपणहून हाती लागेपर्यंत.

आता तो डॉक्टर निरंजन देवणीकर होता. विभागप्रमुख. तीन पुस्तकं नावावर. उर्दू दप्तर वाचू शकणारा जिल्ह्यातला एकमेव प्राध्यापक, असं तो स्वतः म्हणत नसे. पण कोणी म्हटलं तर अडवतही नसे.

आज तो शिकायला आला नव्हता. एक निर्णय घेतला होता. तो बरोबर आहे, एवढं एका माणसाच्या तोंडून ऐकायला आला होता.

वाचू लागला.

“‘बातमी आली त्या दिशी मी शेवया वळत होते. ह्यांना मलमल आणाया सांगितली होती, पीठ चाळाया. ते आले न्हाईत म्हणून जुन्या लुगड्याच्या पदरातून चाळलं. दुपारी कासार आला. बांगड्या भरता भरता हळू बोलला. तुझा माणूस गेला म्हणला. रडायचं न्हाई म्हणला. का, ते पण सांगितलं आन मला पटलं. त्यानं हिरव्या बांगड्या कोपरापातूर भरल्या. मग मी उरलेल्या शेवया वळल्या.’”



“आता सांगा,” निरंजन म्हणाला. “यात तारीख नाही. महिना नाही. साल नाही. याला पुरावा म्हणायचं?”

“कशाचा पुरावा हवाय तुला?”

त्याने सगळं सांगितलं.

पळसझरी हे सरहद्दीजवळचं गाव. १९४८ साल, निजामी राजवटीची शेवटची धामधूम. गावची पोरं घरं सोडून मळ्यातल्या कोठ्यात लपून राहत होती. नदीपलीकडून निरोप आणि काडतुसं यायची. ती आणणारा लिंबाजी कोरडे. भाद्रपदात, भारताची फौज शिरायच्या आदल्या दिवशी रझाकारांची टोळी आली. गावात कोणालाही न विचारता सरळ मळ्यात गेली. पाच जण जागच्या जागी मेले.

मळा दाखवला कोणी?

लिंबाजी उन्हाळ्यापासून गावात दिसला नव्हता. विचारलं की त्याची बायको सारजा म्हणायची, कामावर गेलेत. फौज आली, राज्य पालटलं, आणि दुसऱ्या दिवशी सारजेनं कुंकू पुसलं. म्हणाली, माझा माणूस उन्हाळ्यातच गेला.

गाव म्हणालं, काल कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरवा चुडा, आणि आज म्हणतेस उन्हाळ्यात गेला? फितुरी केली, पळाला, पळताना कुठंतरी मेला. म्हणून रडायचीही सोय नाही तुला.

फितूर. तो शब्द त्या घराला पन्नास वर्षं चिकटून होता. लेकीची सोयरीक तीनदा मोडली. शेवटी सारजाबाई लेकीला घेऊन तालुक्याला राहायला गेली.

“आता मुक्तीला पन्नास वर्षं होतायत,” निरंजन म्हणाला. “गाव नवा स्मृतिस्तंभ उभा करतंय. नावं कोरायची आहेत आणि एक पुस्तक काढायचंय. मी संपादक. सारजाबाईची लेक ही वही घेऊन आली. म्हातारीनं पन्नाशीत प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षर गिरवलं, आणि मग ही लिहिली. लेक म्हणते, बापाचं नाव सहावं कोरा. गाव म्हणतं, फितुराचं नाव कोरलं तर पाचांची नावं काढून घेऊ.”

“आणि तू?”

“मी वही परत करतोय. चाळीस वर्षांनंतरचं लेखन. लिहिणारी त्याची बायको. ती तोंडी सांगते की लिंबाजी मेल्याचं फुटलं असतं तर माग मळ्यापर्यंत लागला असता, म्हणून मळ्यातल्या माणसांसाठी गप्प राहिले, पण ते सांगणं झालं. कागद कुठाय? आठवणी आणि इतिहास यांत फरक असतो, बाईजी.”

बाईजींनी मान डोलावली. निरंजनला बरं वाटलं.

मग त्या भिंतीला धरून उठल्या. ऐंशी पार झालेलं शरीर, पण कोणी हात दिलेला चालत नसे. आतून एक पितळी ताट घेऊन आल्या. ताटात ओले गहू.

“काल छत गळलं. झोळीतले गहू भिजले. हे जरा अंगणात ठेवून ये. उन्हात.”

निरंजन ताट घेऊन पायरी उतरला. अंगणात आला आणि उभा राहिला.

श्रावण सरत आला होता. चार दिवस झड लागली होती. सूर्य कुठल्या दिशेला आहे तेही कळत नव्हतं. त्याच्या चष्म्यावर थेंब साचले. ताटात पाणी पडू लागलं, तसं त्याने घाईघाईनं ते पोटाशी धरलं.

“बाईजी, ऊन नाही.”

“नाही?”

“पाऊस पडतोय.”

“थांबेल. भाद्रपद लागला की थांबतो ना?”

“भाद्रपदात कुठला थांबतो...”



ताट हातात तसंच. पाणी सदऱ्याच्या बाहीतून कोपरापर्यंत आलं.

बाईजी ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. “साठ वर्षं झोळी घेऊन दारोदार फिरले मी. कुठल्या महिन्यात कुठल्या अंगणात काय वाळतं ते मला विचार. तुला येत नाही ते. तू दारातून आत जाणारा माणूस.”

निरंजन ओसरीवर आला. ताट खाली ठेवलं. खिशातून टिपणवही काढली. त्याने स्वतःच्या हातानं, लाल शाईनं लिहिलं होतं: ‘लिंबाजीच्या मृत्यूची बातमी, सप्टेंबर १९४८.’ पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं.

“हा महिना सारजाबाईनं लिहिलाय?” बाईजींनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मी... धरला.”

“गाव म्हणालं म्हणून.”

“हो.”

“गाव म्हणजे कोण? कोणी सांगितलं? सांगणारा त्या वेळी कुठं बसला होता?”

निरंजनने टिपणवही मिटली. बायको गेल्याला त्याला सव्वा वर्ष झालं होतं. घरी फडताळात शेवयांचा एक डबा होता. पंचवीस वर्षं तो डबा भरलेला असायचा. कधी भरला जातो, कोण बसतं, कुठं वाळत घालतात, त्याने कधी पाहिलं नव्हतं. तळाशी अजून थोड्या असाव्यात. त्याने डबा उघडला नव्हता.

“पण बाईजी...” त्याचा आवाज खाली आला होता, तरी वकिली सुटली नव्हती. “शेवया उन्हाळ्यातल्या, हे खरं. म्हणून बाई खरं बोलते असं कुठं ठरतं? शेवया तिनं मनानं घातल्या असतील.”

“खोटं रचणारीनं तारीख घातली असती, बाबा. तुझ्यासारखी. शेवया कशाला घालेल?”

“तरी एक तरी दुसरा कागद...”

“पुन्हा वाच.”

“पाठ झालंय आता.”

“पाठ झालं की माणूस वाचायचं सोडतो. वाच.”

त्याने वाचलं. ‘बातमी आली त्या दिशी मी शेवया वळत होते. ह्यांना मलमल आणाया सांगितली होती, पीठ चाळाया...’

थांबला.

“ह्यांना मलमल आणाया...”

बाईजी वाट पाहत होत्या.

“...मलमल.”

वही त्याच्या हातातून मांडीवर पडली. त्याने पिशवी उलटी केली. पुस्तकं, औषधाच्या गोळ्या, छत्री. शेवटी नव्या पुस्तकासाठी बरोबर घेतलेला त्याचाच एक जुना लेख निघाला. सरहद्दीवरच्या गुन्ह्यांबद्दलचा, दोन वर्षांपूर्वीचा. कचेरीचं उर्दू दप्तर चाळून लिहिलेला. त्या लेखाला बक्षीस मिळालं होतं.

“काय झालं?”

“थांबा.” त्याची बोटं पानं उलटत होती. “हे. खुर्दाद महिन्यातली नोंद. म्हणजे एप्रिल १९४८. ‘नदीच्या उताराशी बेवारस प्रेत. पुरुष, वय तिसाच्या सुमारास. पाठीत गोळी. ओळख पटली नाही. कमरेला दोन हात पांढरी मलमल, कोरी, घडी न मोडलेली.’”



“आणि खाली तू काय लिहिलंस?” बाईजींनी विचारलं.

त्याला वाचवेना. तरी वाचलं.

“‘हा इसम बहुधा कापडाचा चोरटा व्यापारी असावा.’”

बाईजी हसल्या. दात नसलेल्या तोंडानं, अगदी मोकळं.

“दोन हात मलमलीचा व्यापार! मोठा सावकार होता म्हणायचा.”

निरंजनही हसला. हसता हसता त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला.

दोन वर्षं तो माणूस त्याच्याच लेखात, त्याच्याच कपाटात पडून होता. बायकोनं सांगितलेली वस्तू कमरेला बांधून घरी निघालेला.

“दंडवत, बाईजी,” तो उठत म्हणाला. “मी पळसझरीला जातो.”

“छत्री घे.”

पळसझरीच्या पंचायतीच्या खोलीत समितीची बैठक होती. अध्यक्ष भुजंगराव. मळ्यात मारल्या गेलेल्या पाचांपैकी एकाचा मुलगा. बाप गेला तेव्हा तो पाळण्यात होता. बापाचं नाव दगडावर वाचतच तो अक्षर शिकला, असं गावात सांगत.

पुरुष सतरंजीवर. बायका दाराबाहेर पडवीत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण सारजीच्या वहीचं काहीतरी आहे, एवढी बातमी गावभर गेली होती.

“बोला सर,” भुजंगराव म्हणाले. “वही परत केली ना?”

“नाही,” निरंजन म्हणाला. “माझं चुकलं होतं.”

प्राध्यापकाच्या तोंडून हे वाक्य त्या खोलीत कोणी ऐकलं नव्हतं. खुद्द प्राध्यापकानंही नाही.

त्याने वहीतला मजकूर वाचला. मग कचेरीची नोंद वाचली. मग स्वतःची टीपही वाचली, चोरट्या व्यापाऱ्याची. ती वाचायची गरज नव्हती. तरी वाचली.

खोलीत कुजबुज झाली. भुजंगरावांनी हात वर केला.

“मलमल काय सर, गावोगावच्या बाजारात मिळती. एखाद्याच्या कमरेला निघाली म्हणून तो लिंबाजी? आन बातमी उन्हाळ्यातच आली कशावरून?”

“शेवयांवरून.”

“म्हणजे?”

“शेवया ती करत होती. त्या उन्हाळ्यातच होतात.”

भुजंगराव चिडले. “आता शेवयांवर इतिहास लिहायचा का आपण? केल्या असतील तिनं भाद्रपदात. तिच्या मनाला आलं असंल!”

दाराबाहेर कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली. मग सगळी पडवीच हसायला लागली.

“भाद्रपदात शेवया?” एक कापरा पण खणखणीत आवाज आला. “तुझ्या मायनं केल्या का रं कधी?”

भुजंगरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दारात त्यांची आईच उभी होती. यसाबाई.

“माय, तू घरी जा.”

“पन्नास वर्सं घरीच हाय की.”

ती आत आली. पुरुषांनी पाय आवरून वाट दिली. हुतात्म्याची बायको, दर वर्षी सप्टेंबरात तिला पहिल्या खुर्चीवर बसवत, शाल देत आणि दुपारच्या आत घरी पोचवत. ती सतरंजीच्या मधोमध बसली आणि निरंजनकडे वळली.

“सर, त्ये कासाराचं पुन्यांदा वाचा.”

त्याने वाचलं.

यसाबाईचे ओठ हलत होते. काहीतरी जुळवत असल्यासारखे.

“मी व्हते की तितं,” ती म्हणाली.

“कुठं?”

“तिच्या पाटाजवळ. सावडीनं शेवया वळायचो आमी. आज तिच्या घरी, उद्या माझ्या. ह्यो भुजंग पाळण्यात व्हता, त्याला झोका देत मी काडीवर शेवया टाकत व्हते. कासार आला. मोहल्ल्यातला न्हवं, नवाच कुणीतरी. आधी मला भरल्या बांगड्या. मंग तिला. तिचा हात धरून लई येळ बसला. मी म्हणलं, का रं दादा, हात मोडतूस का तिचा?”

कोणी हसलं नाही.

“काय बोलला ते मला ऐकू न्हाई आलं. झोक्याची दोरी करकर वाजत व्हती.”

“मग?” निरंजनने विचारलं.

“मंग काय. कासार गेला. ती पाटाशी बसली. सारजीची शेवई म्हंजे दोरा, सर. सुईत ओवावी अशी. त्या दुपारनंतर सगळ्या जाड आल्या. आमी हसलो तिला. मी म्हणलं, सारजे, ह्या शेवया का सुतळी गं?”

ती थांबली. लुगड्याचा पदर तिनं मुठीत धरला होता.

“...ती पण हसली.”

तिनं निरंजनकडे पाहिलं.

“सर, ती हसली वो. मी तिला हसवलं.”

भुजंगराव बोलले. आवाज अध्यक्षाचा नव्हता.

“माय, हे आधी का न्हाई सांगितलंस?”

“कुणी इचारलं? तुमी सभा घेता, कागद आणता. मला शाल देता. शेवयाचं कोन इचारतंय? आन मला तरी कुठं ठावं व्हतं, कासार काय बोलला. आज वहीतलं कानावर पडलं तवा गाठ बसली.” ती लेकाकडे पाहत राहिली. “चार-पाच महिने तिनं कुंकू लावून मळ्यात भाकरी पोचवल्या, भुजंगा. त्यातली अर्धी भाकर तुझ्या बापाच्या पोटात गेली. आन तिला मी... दारात उभी केली न्हाई पुन्यांदा.”

भुजंगरावांनी डोक्यावरची टोपी काढली. मांडीवर ठेवली. पुन्हा घातली. मग समोरचा स्तंभाचा नकाशा ओढून घेतला. त्यावर पाच नावं, एकाखाली एक, पेन्सिलनं आखलेली. सगळ्यांत वर त्यांच्या बापाचं.

“सर,” ते म्हणाले, “सहावं कुठं कोरायचं? खाली जागा हाय थोडी.”

यसाबाईच म्हणाली, “वर.”

“माय?”

“वर कोर. तो आधी गेला.”

कोणी हरकत घेतली नाही. भुजंगरावांनी रबर मागितलं आणि बापाचं नाव स्वतःच्या हातानं एक ओळ खाली घेतलं.

सतरा सप्टेंबरला पळसझरीत हलगी वाजली. पाऊस होता, पण कोणी घरात राहिलं नाही. सारजाबाई लेकीबरोबर एसटीनं आली. फाट्यावर बैलगाडी उभी होती. गाडीला आंब्याचे टहाळे बांधलेले आणि कासरा भुजंगरावांच्या हातात.

“उतरा काकू, हात द्या,” ते म्हणाले. काकू हा शब्द त्यांनी तिला जन्मात पहिल्यांदा लावला.

यसाबाई वेशीत उभी होती. दोघी म्हाताऱ्या एकमेकींसमोर आल्या. कोण आधी बोलणार, म्हणून हलगीवालासुद्धा थांबला.

“जाड शेवया करती म्हणून हसले व्हते तुला,” यसाबाई म्हणाली.

“चवीला बऱ्या झाल्या व्हत्या,” सारजाबाई म्हणाली.

तेवढंच. मग दोघी हात धरून स्तंभापर्यंत चालत गेल्या, आणि त्यांच्यामागून सगळ्या बायका.

पडदा बाजूला झाला. सारजाबाई दगडाजवळ गेली. पन्नाशीत शिकलेलं अक्षर. तिनं वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

“लिंबाजी... कोरडे.”

तिच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. लग्नातही घेतलं असेल तर उखाण्यात लपवून. क्षणभर सगळ्या बायका चपापल्या. मग कोणीतरी ओरडलं, “अगं बया, नाव घेतलं की सारजीनं!” आणि टाळ्या सुरू झाल्या. हलगी कडाडली. सारजाबाईनं पुन्हा वाचलं, या खेपेला न अडखळता. मग तिसऱ्यांदा. गावानं ऐकेपर्यंत.

निरंजन गर्दीच्या कडेला उभा होता. त्याच्या तीन पुस्तकांना एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. आणि या टाळ्या आपल्या नाहीत हे माहीत असूनही त्या थांबू नयेत असं त्याला वाटत होतं.

चार दिवसांनी तो आश्रमात गेला. हातात पेढ्यांचा पुडा, बगलेत वही.

“दंडवत, बाईजी. झालं!”

“काय झालं?”

त्याने सगळं सांगितलं. पडवीतलं हसू, पाळण्याची दोरी, सुतळी. ‘वर कोर, तो आधी गेला’ हे ऐकून बाईजींनी मांडीवर थाप मारली.

“ही बाई इतिहास शिकवते का कुठं?”

“शिकवायला हवी,” निरंजन म्हणाला. “पुस्तकात ते पान छापतोय, बाईजी. फोटोसकट. पुरावा क्रमांक एक. खाली माझी चूकही कबूल करतोय. प्रस्तावनेत लिहिलंय की बायकांच्या आठवणींशिवाय या काळाचा इतिहास लिहिताच येणार नाही.”

“छान लिहिलंस.”

“आता ही वही सारजाबाईंना परत करायला निघालोय. काम झालं.”

बाईजींनी पेढ्याचा एक कण तोंडात टाकला. बाकीचा त्याच्या हातावर ठेवला.

“मग टोळीला मळा कोणी दाखवला?”

निरंजनने खांदे पाडले. “ते कळणार नाही, बाईजी. लिंबाजीनं नाही, एवढं सिद्ध झालं. पुढचं कुठल्याच कागदात नाही. मी सगळं पाहिलंय.”

“सगळं?”

“सगळं. एकूणएक.”

बाईजींनी हात पुढे केला. त्याने वही दिली.

वहीत खूण म्हणून एसटीचं तिकीट घातलेलं होतं. तिथं ती आपोआप उघडली. बत्तिसावं पान. तिथवरची पानं हाताळून मऊ झाली होती, कडा दुमडलेल्या. त्यापुढची सपाट होती. काही तर दमटपणानं एकमेकांना चिकटलेली. प्रत्येकावर तेच गिरवलेलं, मोठं, न चुकता ओळीवर बसवलेलं अक्षर. पार शेवटच्या पानापर्यंत.

“ते पुढचं फौज आल्यानंतरचं आहे, बाईजी. घरगुती...”

तो थांबला.

बाईजींनी तिकीट काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. चिकटलेली दोन पानं नखानं सोडवली, आणि वही त्याच्यासमोर उघडी धरली.

“एकशे अडुसष्ट पानं वाचायची राहिलीत, निरंजन.”